लिनक्स लॅपटॉपवर वायर्ड नेटवर्क कार्ड दिसतच नसेल, तर ड्रायव्हर कंपाइल करावा का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवले, वाय-फाय व्यवस्थित चालते, पण केबल लावली तरी सेटिंग्जमध्ये ‘वायर्ड’ हा विभागच उमटत नाही. ‘आयपी लिंक’ या कमांडच्या उत्तरात ‘एलओ’ (संगणकाचा स्वतःशीच बोलण्याचा अंतर्गत इंटरफेस) आणि वाय-फायचा इंटरफेस एवढेच येते, विंडोजमध्ये मात्र तीच केबल बिनतक्रार चालते. अशा वेळी चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरचा (चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स उतरवून तो कंपाइल करावा का, म्हणजे त्यापासून ड्रायव्हर स्वतः बांधावा का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते अजून तरी करू नये. आधी कार्ड नेमके कोणाला दिसत नाही, हे ठरवावे लागते. केबलच्या खोबणीपासून सेटिंग्जच्या खिडकीपर्यंत तीन टप्पे आहेत: चिप पीसीआय एक्सप्रेस बसवर (मदरबोर्डवरच्या जोडणीमार्गावर) हजर असणे, कर्नेलने (लिनक्सच्या गाभ्याने) तिच्यासाठी योग्य मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) चढवणे, आणि तयार झालेला इंटरफेस नेटवर्क मॅनेजरने (जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) ताब्यात घेणे. यांपैकी कोणताही टप्पा अडला तरी वापरणाऱ्याला वरून एकच चित्र दिसते, पण एका टप्प्यावरचा उपाय दुसऱ्या टप्प्यावर निरुपयोगी ठरतो, आणि कधी कधी नवा गुंताही करून ठेवतो.

तुमच्या बाबतीत तिसरा टप्पा लगेच वगळता येतो, कारण ‘आयपी लिंक’ ही कमांड बंद ठेवलेले इंटरफेसही दाखवते. तिथेच नाव नसेल तर नेटवर्क मॅनेजरच्या फायली चाळून काही हाती लागणार नाही. फक्त एवढे पाहून घ्या की तुमची नजर ‘ईटीएच०’ हे जुने नाव शोधत नाही ना. २०१३ मध्ये आलेल्या सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) १९७ व्या आवृत्तीपासून ही नावे कार्डाच्या जागेवरून पडतात. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३ वरच्या खाच क्रमांक ० मधले इथरनेट, म्हणजे वायर्ड नेटवर्क कार्ड. ‘ईएन’ने सुरू होणारे कोणतेही नाव यादीत असेल तर तुमचे कार्ड सापडलेले आहे, आणि प्रश्न केबलचा किंवा व्यवस्थापनाचा आहे.

आता टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड चालवा आणि तिच्या उत्तरात ‘इथरनेट कंट्रोलर’ असे लिहिलेली ओळ शोधा. त्या ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात चार-चार अक्षरांची एक जोडी असते, उदाहरणार्थ १०ईसी:८१६८. पहिला भाग उत्पादक सांगतो (८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १९६९ म्हणजे अ‍ॅथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम) आणि दुसरा भाग नेमकी चिप सांगतो. लॅपटॉपच्या मॉडेलचे नाव घेऊन ड्रायव्हर शोधणे मला पटत नाही, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या चिपा बसवलेल्या असू शकतात. कर्नेलही ड्रायव्हर निवडताना हीच जोडी पाहतो. याच नोंदीखाली पुढे ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नेल मॉड्यूल्स’ अशा दोन ओळी असू शकतात. त्या आहेत की नाहीत, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

इथरनेटची ओळच आली नाही, तर कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही, कारण ज्या चिपसाठी तो चढवायचा तीच बसवर हजर नाही. मात्र त्याआधी ‘एलएसयूएसबी’ ही कमांड चालवून पाहावी, कारण डॉकमधले (लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या जोडपेटीतले) इथरनेट बहुधा यूएसबीवर जोडलेले असते आणि ते पीसीआयच्या यादीत येत नाही. तिथेही काही नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘ऑनबोर्ड लॅन’ किंवा तशा नावाचा पर्याय चालू आहे ना, हे तपासावे. त्याच्याच आसपास ‘नेटवर्क स्टॅक’ किंवा ‘पीएक्सई’ असे पर्याय असतात. ते नेटवर्कवरून संगणक सुरू करण्यासाठी असतात, त्यांचा या तक्रारीशी संबंध नाही आणि ते चालू केल्याने कार्ड प्रकट होत नाही.

विंडोजमध्ये कार्ड चालते आणि लिनक्समध्ये ओळही येत नाही, असे असेल तर माझा पहिला संशय विंडोजच्या बंद होण्याच्या पद्धतीवर जाईल. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर यंत्रणा पूर्णपणे बंद होत नाही, तिच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जतन होते, आणि विंडोजचा ड्रायव्हर कार्डाला अल्पऊर्जेच्या अवस्थेत सोडून जाऊ शकतो. त्या अवस्थेतून कार्डाला जागे करणे लिनक्सला नेहमीच जमते असे नाही, आणि रिअलटेकच्या कार्डांबाबत ही तक्रार जुनी आहे. ही सोय विंडोजच्या पॉवर पर्यायांतून बंद करावी आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ असा पर्याय असल्यास तो चालू करावा. त्यानंतर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग थेट लिनक्समध्ये जावे. हा उपाय ऐकायला जादूटोण्यासारखा वाटतो खरा, पण त्यामागे साधे कारण आहे: चार्जर किंवा बॅटरी जोडलेली असेपर्यंत चिपला थोडी वीज मिळतच राहते, आणि त्यामुळे तिची अडकलेली अवस्था पुसली जात नाही.

कधी ओळ दिसते, पण तिच्या शेवटी ‘रेव्ह एफएफ’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ कार्ड आधी सापडले होते, आता मात्र ते प्रश्नांना उत्तर देत नाही आणि वाचलेला प्रत्येक बिट १ येतो. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर हे घडत असेल तर दोष ऊर्जाबचतीच्या बाजूला शोधावा. टीएलपीसारखे ऊर्जाबचतीचे साधन बसवलेले असेल तर ते थोडा वेळ बाजूला ठेवून पाहावे, आणि कर्नेलला सुरू होताना ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हा पर्याय एकदाच देऊन फरक पडतो का, ते तपासावे. तो कायमचा ठेवण्याची घाई करू नये, कारण त्याने बॅटरी लवकर उतरू शकते.

ओळ व्यवस्थित आहे, ‘कर्नेल मॉड्यूल्स’ समोर नावही आहे, पण ‘इन यूज’ची ओळ नाही, असे असेल तर ड्रायव्हर तुमच्याकडे आहे आणि तो एक तर चढलेला नाही किंवा चढून अपयशी ठरला आहे. अशा वेळी ‘सूडू मॉडप्रोब’ पुढे मॉड्यूलचे नाव देऊन तो हाताने चढवावा आणि लगेच कर्नेलचे संदेश दाखवणाऱ्या ‘सूडू डीएमईएसजी’च्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. अपयशाचे कारण बहुतेक वेळा तिथे स्पष्ट लिहिलेले असते, आणि तरीही वाचायची राहून जाते ती हीच जागा. रिअलटेकच्या बाबतीत ‘रिअलटेक.केओ’ मिळाला नाही अशी तक्रार दिसली, तर आर८१६९ हा ड्रायव्हर ज्या दुसऱ्या मॉड्यूलवर विसंबतो ते आरंभीच्या इनिटरॅमएफएस प्रतिमेत (सुरू होताना कर्नेल प्रथम वापरतो त्या फाइलसंचात) आलेले नाही. ती प्रतिमा त्या मॉड्यूलसह पुन्हा तयार करावी. इंटेलच्या ई१०००ई बाबत ‘एनव्हीएम चेकसम’ चुकीचा असल्याचा संदेश आला, तर कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीतला मजकूर जुळत नाही असा त्याचा अर्थ आहे आणि मॉड्यूल पुन्हा पुन्हा चढवून तो बदलत नाही. आधी बायोसचे नवे अद्यतन आहे का, ते पाहावे. हा संदेश जुन्या मंडळींना चांगलाच आठवत असेल, कारण २००८ मध्ये कर्नेल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत एका दोषामुळे ही स्मृती खरोखरच बिघडत होती आणि चांगली कार्डे निकामी होत होती. अंतिम आवृत्ती आल्यानंतर त्याचे कारण सापडले. ते नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नव्हते, कर्नेलच्या एफट्रेस या (कर्नेलच्या आतले काम तपासण्याच्या) भागात होते.

मॉड्यूल हाताने चढवल्यावर चालते, पण आपणहून चढत नाही, असे दिसले तर ‘ईटीसी’खालच्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये ‘ब्लॅकलिस्ट’ (आपोआप न चढवायच्या मॉड्यूलांची काळी यादी) हा शब्द शोधावा. इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. १०ईसी:८१६८ या जोडीची चिप पाहून लोकांना वाटते की ८१६९ नावाचा ड्रायव्हर तिच्यासाठी चुकीचा आहे, आणि ते आर८१६८ नावाचे वेगळे पॅकेज बसवतात. प्रत्यक्षात कर्नेलमधला आर८१६९ हा ड्रायव्हर ८१११, ८१६८ आणि पुढे ८१२५ या सगळ्या चिपा सांभाळतो. नाव तेवढे पहिल्या चिपचे राहिले आहे. ते वेगळे पॅकेज मूळ ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकते, पुढे कर्नेल बदलला आणि मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या हेडर फायली नसल्यामुळे नवे मॉड्यूल बांधले गेले नाही, की दोन्ही ड्रायव्हर नाहीत अशी अवस्था येते. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नेल नाकारतो, हा त्यातला आणखी एक अडथळा. कंपाइल करण्याला माझा विरोध आहे तो या कारणांसाठी.

कार्डाची ओळ आहे आणि खालच्या दोन्ही ओळी नाहीत, असे असेल तर तुमचा कर्नेल चिपपेक्षा जुना असण्याची शक्यता सर्वांत जास्त. रिअलटेकची ८१२५ ही २.५ गिगाबिटची चिप कर्नेल ५.४ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून, मूळ ड्रायव्हरमध्ये आली. इंटेलच्या आय२२५ साठीचा आयजीसी ड्रायव्हर ४.२० मध्ये दाखल झाला. ‘यूनेम -आर’ने आपली आवृत्ती पाहावी आणि जुनी असल्यास वितरणाच्या (उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या तयार संचाच्या) अधिकृत मार्गानेच नवा कर्नेल घ्यावा: उबुंटूत एचडब्ल्यूई, डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स. उबुंटूत कर्नेल पुरेसा नवा असूनही ड्रायव्हर नसेल, तर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ हे पॅकेज त्याच आवृत्तीचे बसले आहे का, हे पाहावे. अनेक ड्रायव्हर त्यात असतात. आर्च या वितरणावर कर्नेल अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू केला नसेल तर चालू कर्नेलची मॉड्यूले डिस्कवरून गेलेली असतात, आणि त्यानंतर जोडलेले यूएसबी कार्ड दिसत नाही. तिथे एक रीस्टार्ट पुरतो.

हे सगळे करण्याआधी, काहीही न बसवता करता येणारी एक चाचणी मी आवर्जून सुचवीन. एखाद्या वितरणाची ताजी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लाइव्ह’ चालवावी आणि केबल लावून पाहावी. तिथे कार्ड दिसले तर यंत्रातील चिप ठीक आहे आणि तुमच्या बसवलेल्या यंत्रणेत कर्नेल किंवा काळी यादी यांपैकी काहीतरी आड येते आहे. तिथेही ओळ आली नाही तर बायोस आणि विंडोजचा भाग आधी निस्तरावा. चिप ताजी आहे, उपलब्ध असलेल्या सर्वांत नव्या कर्नेललाही तिची जोडी ठाऊक नाही, आणि उत्पादकाने त्याच चिपसाठी सोर्स दिला आहे, एवढे सगळे जुळले तरच कंपाइल करावे, आणि तेही डीकेएमएसमार्फत, म्हणजे कर्नेल बदलल्यावर मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधले जाईल.

इतके करूनही सुटले नाही तर प्रश्नात ‘एलएसपीसीआय -एनएनके’मधली इथरनेटची पूर्ण नोंद, ‘यूनेम -आर’चे उत्तर आणि ‘डीएमईएसजी’मधल्या त्या मॉड्यूलच्या नावाच्या ओळी जोडाव्यात. पडद्याचे छायाचित्र देऊ नये, मजकूर जसाच्या तसा चिकटवावा, म्हणजे ओळखक्रमांक शोधता येतो. मॅक पत्ता झाकला तरी हरकत नाही.