राळ खाणाऱ्या जिवाणूंची पावडर घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा की, पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या सांडपाण्यातली राळ जिवाणू खरंच संपवतात का, आणि विक्रेता देतोय ती पावडर घ्यावी का. जिवाणू खातात, हे खरं. पावडरीचं मात्र थांबा.

मी सोलापुरात अशाच एका कारखान्याची ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, काही वर्षं सांभाळली. पुष्कळ जण राळ आणि डिंक एकच समजतात. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ सहसा विरघळत नाही. कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यात तुरटीबरोबर जी राळ घालतात, ती चिडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढल्यावर उरलेला बिरोजा. त्यात मुख्यतः ॲबिएटिक आम्ल आणि त्याचे भाऊबंद. रेणूत 20 कार्बन, तीन कडी एकमेकांना जोडलेली. लिटरमागे एखादा मिलिग्रॅम असलं तरी ट्राउटसारखा मासा चार दिवसांत मरू शकतो.

ही कडी फोडणारे स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया, स्फिंगोमोनास वगैरे जिवाणू कागद गिरण्यांच्या सांडपाण्यात आणि मातीत सापडले आहेत. पहिला घाव घालणारं त्यांचं एन्झाइम हवेतला ऑक्सिजनच थेट कड्याला जोडतं. म्हणजे हवा नाही, तर हे काम नाही.

आमच्याकडे नेमकं तिथंच घोडं अडलं. वीजबिल वाचवायला टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद व्हायचे. मग काम होईना, तेव्हा पावडर आणली. बाहेर जाणाऱ्या पाण्यातली राळ झकास कमी दिसली, साहेब खूश! मी हट्टानं गाळ तपासायला पाठवला, तर राळ तिथं बसलेली. पाणी आम्लधर्मी झालं की राळ पाण्यातून सुटून गाळाला चिकटते. ती गेली नव्हती, तिनं जागा बदलली होती. असा गाळ हवेविना पडून राहिला की त्यातली काही आम्लं रेटीन नावाच्या पदार्थात बदलतात, आणि तो माशांच्या पिल्लांना बाधतो.

ब्लोअर चोवीस तास चालू केल्यावर, पीएच सातच्या आसपास (म्हणजे पाणी ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी) धरल्यावर आणि गाळ टाकीत जास्त दिवस फिरता ठेवल्यावर काही आठवड्यांत फरक पडला. पावडर तेव्हा संपलीही होती. आधीच्या गाळातलेच जिवाणू पुरले असणार, असं माझं मत.

तेव्हा विक्रेत्याला सांगा, पाण्याबरोबर गाळातलीही राळ आधी आणि नंतर मोजून दाखव.

बाहेर जिथं राळ सांडली असेल, त्या मातीलाही हवाच लागते. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिखल होऊन घट्ट बसते, म्हणून ती पावसाळ्याआधीच उकरून भुसभुशीत करा, थोडं कुजलेलं शेणखत मिसळा, ओल राहू द्या आणि अधूनमधून फावड्यानं वरखाली करा. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र रोज संध्याकाळी पाणी शिंपडावं लागेल.