डागी आंबा डोळ्यांसमोरून जातो तरी दिसत का नाही?

प्रश्न असा आहे की पेट्या भरताना मुलगा एकेक आंबा हातात घेऊन बघतो, त्याच्यानंतर वडील पण नजर टाकतात, तरी मुंबईचं गिऱ्हाईक डागी आंब्याचा फोटो पाठवतंच, मग पोराचे डोळे तपासायचे की त्याचं लक्षच नसतं असं समजायचं?

डोळे तपासून घ्या हो, त्यात काही बिघडत नाही, पण चष्मा लागला म्हणून हे थांबेल असं मला वाटत नाही. मी मानसशास्त्र शिकलोय आणि रत्नागिरीजवळ आमची पण थोडी कलमं आहेत, सीझनला मी पण पेंढ्यात बसलेलो असतो, त्यामुळे हा प्रश्न दोन्हीकडून माहितीतला आहे.

आंबा दिसणं वेगळं आणि हा डागी आहे असं ठरणं वेगळं. आपल्याला एकदम स्पष्ट दिसतं ते नजरेच्या मधल्या इवल्याशा भागात, हात लांब केला की अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढंच, बाकी सगळं धूसर. नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते, म्हणजे आंबा सेकंदभर हातात राहिला तर सालीच्या तीन-चार जागा नीट बघून होतात आणि मागची बाजू तर फिरवल्याशिवाय नाहीच. एवढ्या तुकड्यांवरून मेंदू पुरावा जमवत जातो, चांगला की डागी, आणि कुठल्यातरी एका बाजूचा पुरावा ठरावीक पातळीला पोचला की निकाल, आंबा पेटीत. ह्याचं गणित मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ साली मांडलं, आणि नंतर शॅडलन-न्यूसम वगैरे मेंदूच्या संशोधकांनी माकडांना पडद्यावरचे हलणारे ठिपके दाखवून मेंदूच्या पेशींमध्ये असं काहीतरी हळूहळू चढत जाताना पाहिलं. घाई असली की ही पातळी आपोआप खाली येते आणि थोड्या पुराव्यावर निकाल लागतो. वाशी मार्केटला जाणारा टेम्पो दारात हॉर्न मारत असताना भरलेल्या पेट्या आणि सकाळी निवांत भरलेल्या पेट्या, तक्रारी कुठल्या पेट्यांच्या जास्त येतात ते लिहून ठेवून बघा एकदा.

(ते गोरिलाच्या व्हिडिओचं उदाहरण ह्यावर सगळेच देतात, सायमन्स आणि शाब्रीचं, १९९९ चं. पण तिथे लोक बॉलचे पास मोजत असतात म्हणून मधून चालत गेलेला गोरिला बऱ्याच जणांना दिसत नाही, त्याला कोणी शोधतच नसतं. तुमचा मुलगा तर डागच शोधतोय, त्यामुळे ते इथे बसत नाही.)

इथे बसतं ते वेगळं. २००५ साली नजरेचा अभ्यास करणारे जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विमानतळावरच्या बॅग तपासणीसारखं काम दिलं, गिचमिड चित्रात एखादं अवजार आहे का ते शोधायचं. निम्म्या चित्रांत अवजार होतं तेव्हा साधारण ७ टक्के वेळा ते सुटलं, आणि शंभरात एकाच चित्रात होतं तेव्हा ३० टक्के! म्हणजे जी गोष्ट क्वचित सापडते ती समोर असूनही जास्त सुटते, कारण "नाही, नाही, नाही" म्हणायची सवय लागते आणि माणूस लवकर शोधणं सोडतो. तुमचा माल चांगला आहे हेच पोराच्या मुळावर आलंय असं समजा. आणि तुम्ही दुसरी नजर टाकता ना, तुमच्यापर्यंत तर डागी आंबे अजूनच कमी येतात, वर मनात असतं की पोराने बघितलंय, त्यामुळे दुसऱ्या नजरेवर फार भरवसा ठेवू नका.

रागावून काय होतं? डाग सुटणं कमी होईल, पण मग तो शंका आली की आंबा बाजूला टाकणार आणि कॅनिंगच्या, म्हणजे रसाच्या कारखान्याला स्वस्तात जाणाऱ्या, क्रेटमध्ये चांगले आंबे जायला लागणार. त्याची नजर काही सुधारत नाही, फक्त चूक ह्या बाजूची त्या बाजूला जाते. कॅनिंगचा भाव आणि पेटीचा भाव तुम्हाला माहितीच आहे.

त्यापेक्षा वुल्फ यांच्याच गटाने पुढे एक उपाय तपासला होता तो करा. मध्ये मध्ये थोडा वेळ असा माल द्यायचा की ज्यात भरपूर खराब आहेत, आणि सुटला की लगेच सांगायचं, त्याचा असर पुढच्या खऱ्या मालावर पण टिकतो. तर करपा आलेले, फळमाशीने टोचलेले, चिकाने साल भाजलेले असे आंबे बाजूला ठेवा, देठाला खालून पेनाने खूण करा, चांगल्यांत निम्मे निम्मे मिसळा आणि काम सुरू करायच्या आधी पोराला निवडायला द्या, कुठला सुटला ते तिथल्या तिथे दाखवा. जेवल्यावर परत एकदा. आणि एका माणसाला तासन् तास निवडायला बसवू नका, मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवलंय की असं टक लावायचं काम पहिल्या अर्ध्या तासानंतरच ढिलं पडतं, म्हणून निवडणारा आणि पेंढा लावणारा अदलाबदल करत राहा.

आमची काकी निवडते ते बघण्यासारखं असतं. आंबा उचलला की आधी देठ, अंगठ्याने देठाभोवतीची साल किंचित दाबायची, मग तोच अंगठा न उचलता आंबा पूर्ण फिरवायचा आणि शेवटी टोक, दर आंब्याला हाच क्रम, एक डाग दिसला तरी फिरवणं पूर्ण करणार. बाकीचे तिला हळू म्हणतात, पण तिच्या पेट्यांची तक्रार मी तरी ऐकलेली नाही.

आणि गिऱ्हाईकाच्या त्या फोटोंमध्ये साक्याचे, म्हणजे आतला गर खराब झालेले, किती आहेत ते वेगळे काढा आधी. साका आतमध्ये असतो, सालीवर त्याचा काही पत्ता नसतो, मग कुणी कितीही वेळ बघितलं तरी पुरावा येणार कुठून? ते आंबे गिऱ्हाईकाला बदलून द्या आणि पोराच्या हिशोबात धरू नका.