सातव्या महिन्यात पायाला सूज आहे, नर्सचं किती मनावर घ्यायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बायकोला सातवा सरत आलाय, पाय सुजलेत, बोटातली अंगठी निघेना. आई म्हणतात सगळ्यांनाच येते सूज, मीठ बंद करा. गावातल्या सिस्टर म्हणतात आजच तालुक्याला न्या. सोनोग्राफी नॉर्मल आहे, रविवारी डोहाळजेवण आहे, तर कार्यक्रम उरकून डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का, आणि माहेरी पाठवायचं का.

एवढं सगळं लिहिलंत, पण बीपी किती ते लिहिलं नाही. सिस्टरनी कार्डावर टाकलेलं असणार, ते आधी बघा. सोनोग्राफीत बाळ दिसतं, आईचं बीपी दिसत नाही.

मी बीड जिल्ह्यात 31 वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची सरकारी नर्स होते. "नर्सचं काय एवढं मनावर घ्यायचं" हे वाक्य मी आमच्याच स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

2009 ची गोष्ट. धाकट्या जाऊबाई पहिलटकरीण, आठवा लागलेला, दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण. दारात मांडव पडलेला, शंभर माणसांचं आमंत्रण गेलेलं. मी संध्याकाळी उपकेंद्रावरून तशीच घरी गेले. ही बाई चुलीपुढं पुरणाची डाळ घोटत बसलेली आणि तोंड असं सुजलेलं, की आधी ओळखूच आली नाही. मला म्हणाली, "ताई, सकाळपासून डोकं लई ठणकायलंय. डोळ्यापुढं काजवे चमकायलेत."

चार दिवसांपूर्वी तालुक्याला एका खासगी डॉक्टरकडं दाखवून आणलं होतं. त्यांनी पायावर बोट दाबून बघितलं आणि लघवी जास्त व्हायची गोळी लिहून दिली. कागदावर वजन होतं, फी होती, बीपीची जागा कोरी.

माझी पिशवी बरोबर होती. पट्टा बांधला तर 160/110. पाऱ्याचं मशीन खोटं बोलत नाही, तरी अर्धा तास शांत बसवून पुन्हा घेतलं. 160/108. मग लघवी तपासायची म्हटलं, तर स्पिरिटचा दिवा उपकेंद्रावर राहिलेला. घेतली परीक्षानळी आणि धरली गॅसवर. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्यांनी जो आरडाओरडा केला! उद्या देवाचा नैवेद्य व्हायचा त्या गॅसवर मूत उकळायली म्हणून. नळीतला वरचा भाग पांढरा झाला, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकले तरी तसाच राहिला. थेंब टाकल्यावर निवळलं असतं तर काही नव्हतं. हे निवळेना, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन, प्रथिन जातंय, तेही भरपूर.

मी म्हटलं, आत्ता गाडी करा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला माणूस दिसला की पेशंटच दिसतो. डॉक्टरनं गोळी दिलीय ना? तुम्ही नर्स आहात." सासरे विड्याच्या पानाला चुना लावत बसले. आमचे हे मूग गिळून. शेवटी म्हणाले, उद्याचा दिवस जाऊ दे.

आणि मी गप्प बसले. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. गावातल्या दहा सासवांशी भांडलेली बाई, स्वतःच्या घरात गप्प बसले.

रात्री दोनला झटका आला, म्हणजे फिट. कुणी दातात चमचा घालायला धावलं, कुणी नाकाला कांदा लावायला. मी दोघांचे हात झटकले आणि तिला डाव्या कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसत राहिले. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नसतं. तेव्हा 108 नव्हती, ती आपल्याकडं 2014 ला आली. गावातली काळीपिवळी उठवली, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. वाटेत जीपमध्ये दुसरा झटका. तिथं झटके थांबवणारं इंजेक्शन, मॅग्नेशियम सल्फेट दिलं, बीपी खाली आणलं, पहाटे सिझर केलं. पोरगा 1 किलो 700 ग्रॅम. आज अकरावीला आहे, मला मान वर करून बघावं लागतं इतका उंच.

भाऊजी ही गोष्ट अजून सांगतात. त्यात जीपवाला कसा सुसाट गेला ते असतं, मेडिकलचे डॉक्टर देवासारखे कसे भेटले ते असतं. बारशाला जीपवाल्याला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. संध्याकाळी सहाला घेतलेलं बीपी त्या गोष्टीत नसतंच.

आता तुमचं. 140/90 किंवा त्याच्यावर असेल तर ते वाढलेलं बीपी आहे, आणि पाचव्या महिन्यानंतर त्याच्या जोडीला लघवीत अल्ब्युमिन आलं, तर रविवार विसरा. 160/110 किंवा त्याच्यावर असेल तर हे वाचत बसू नका, 108 लावा. आकडा कितीही असो, डोकं ठणकणं, नजर अंधुक होणं, छातीच्या खाली पोटात वर दुखणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी असलं तरी तेच. संध्याकाळी पायाला येणारी आणि सकाळी उतरणारी सूज पुष्कळ जणींना असते, तेवढ्यापुरतं तुमच्या आईंचं खरं आहे. हाताला, तोंडाला चढलेली सूज त्यातली नव्हे, आणि अंगठी निघत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मीठ बंद करून बीपीचा हा आजार थांबत नाही. बाईचं जेवण तेवढं बेचव होतं.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायांची फुकट तपासणी असते, पण बीपी वाढलेलं असेल तर 9 तारखेची वाट बघायची नसते. माहेरी पाठवायचं का, हे मी इथून सांगू शकत नाही. पाठवलं तर साडीआधी कार्ड पिशवीत घाला.

नर्स आणि डॉक्टर यांच्यात निवड करायला तुम्हाला कुणी सांगितलं? सिस्टर तरी दुसरं काय म्हणतायत, डॉक्टरकडं न्या असंच ना? मला सिझर येत नव्हतं, येणारही नाही. पण झटका आलेल्या बाईला पुढं पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, एएनएमनं द्यायचा असतो. सुई टोचणारी म्हणून हिणवता, ती हीच सुई.

खरं तेही सांगते. पट्टा न बांधताच सगळ्यांच्या कार्डावर 110/70 लिहिणाऱ्या नर्साही मी पाहिल्यात, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या. त्यामुळं कार्डावर आकडा नॉर्मल दिसला तर बायकोला विचारा, दंडाला पट्टा खरंच बांधला होता का. नसेल बांधला तर आज कुठंही मोजून घ्या.

आणि एक राहिलंच. बाळंत झाली म्हणजे सुटलो असं समजू नका. झटका नंतरही येतो. आमच्या जाऊबाईंचं तिसऱ्या दिवशी वॉर्डात परत डोकं दुखायला लागलं, तर आत्या म्हणाल्या वारं लागलं असंल, आणि कानाला फडकं गुंडाळायला लागल्या. मी नुसता हात पुढं केला. भाऊजींनीच काही न बोलता पिशवीतून मशीन काढून दिलं.