सप्टेंबर उजाडण्याआधी खिडक्यांच्या फटी बुजवा

तुम्ही विचारले आहे की, येत्या ऑगस्टमध्ये सात वर्षांच्या मुलाला घेऊन अमेरिकेत पूर्व पेनसिल्व्हेनियात भाड्याच्या घरात राहायला जात आहात, तिथे पानगळीच्या दिवसांत दुर्गंध सोडणारे किडे घरात शिरतात असे ऐकले आहे, तर त्यांना बाहेर कसे ठेवावे. व्हिसा, विमा आणि शाळाप्रवेश यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहेच, त्यामुळे त्याविषयी मी लिहीत नाही. या किड्यांविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण 2010 च्या सप्टेंबरमध्ये मी ॲलनटाउनजवळच्या एका घरात, तुमच्या मुलाएवढ्याच मुलीसह, याच प्रश्नापुढे उभी होते आणि मला तो विचारायला कोणी नव्हते.

तिथे त्याला स्टिंक बग म्हणतात. आपल्याकडे शेतीच्या भाषेत ज्याला ढेकण्या म्हणतात, त्याच्या दूरच्या नात्यातला हा तपकिरी, ढालीच्या आकाराचा, साधारण दीड सेंटिमीटर लांबीचा किडा आहे. मिशांवरचे पांढरे पट्टे ही त्याची खूण. तो मूळचा पूर्व आशियातला. 1990 च्या दशकात तो ॲलनटाउन परिसरात पोहोचला, पण त्याची खरी ओळख पटायला 2001 साल उजाडले, आणि आम्ही गेलो त्याच 2010 मध्ये त्याने आसपासच्या राज्यांतील सफरचंदांच्या बागांचे अतोनात नुकसान केले. तो चावत नाही, घरात अंडी घालत नाही, लाकूड किंवा कपडे खात नाही. त्याला फक्त हिवाळा काढायला कोरडी, अंधारी जागा हवी असते. हे एवढे मला पहिल्या आठवड्यात कोणी सांगितले असते, तर माझ्या कितीतरी रात्री शांत गेल्या असत्या.

दिवस लहान होऊन रात्री गार पडू लागल्या की, साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून, हे किडे उन्हाने तापलेल्या भिंतींवर दुपारी जमतात. आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत चारच्या सुमारास अक्षरशः हलताना दिसे. तिथून ते फटी शोधतात. अंग चपटे असल्यामुळे त्यांना तीन-चार मिलिमीटरची फट पुरते. म्हणून खरे काम ऑगस्टमध्ये, बाहेरच्या बाजूने करायचे असते. खिडकीची चौकट आणि भिंत यांमधील भेगा, नळ आणि तारा जिथून आत येतात ती भोके, चिमणीच्या कडा, हे सर्व सिलिकॉनच्या सीलंटने भरावे. दाराखाली डोअर स्वीप, म्हणजे खालची फट झाकणारी पट्टी, बसवावा; रात्री खोलीतला दिवा चालू ठेवून बाहेरून पाहिल्यास दाराखालून प्रकाश दिसत असेल, तर किडाही आत येणार हे समजावे. माळ्याच्या हवेच्या झडपांमागे बारीक जाळी असावी आणि खिडक्यांच्या जाळ्या फाटलेल्या नसाव्यात. खिडकीत बसवलेला एसी ऑक्टोबरपूर्वी काढून टाकावा. आमच्या घरात सर्वांत जास्त किडे त्याच्या बाजूची उरलेली जागा झाकणाऱ्या घड्यांच्या पडद्यांतून आले आणि ते समजायला मला पूर्ण एक वर्ष लागले.

आता भाड्याच्या घराची अडचण. घराचा ताबा घेताना एक तपासणीपत्र भरून घेतात, ज्यात प्रत्येक खोलीच्या खिडक्या, दारे आणि जाळ्या यांची स्थिती लिहायची असते. विमानप्रवासाच्या थकव्यात आणि सामान अजून दारात असताना मी सगळीकडे ‘ठीक’ असे लिहून सही केली. तीन आठवड्यांनी फटी बुजवून देण्याची विनंती केली, तेव्हा तेच पत्र माझ्यापुढे ठेवण्यात आले. मग अर्ज, मग त्या अर्जाची पोच मिळवण्यासाठी दुसरा अर्ज, मग माणूस अमुक वारी येईल असे उत्तर, आणि त्या वारी दिवसभर दारापाशी बसून काढलेली वाट. सीलंटची नळी घेऊन माणूस आला तो नोव्हेंबरच्या अखेरीस, किडे भिंतींच्या आत जाऊन बसल्यानंतर. तुम्ही त्या पत्रात प्रत्येक सैल जाळी लिहा, छायाचित्रे काढा, आणि घरमालकाची लेखी परवानगी घेऊन फटी स्वतःच बुजवा.

आत आलेला किडा चिरडू नये. भांड्यात पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचे काही थेंब घेऊन ते त्याच्याखाली धरावे. तो धक्का लागताच खाली पडतो आणि बुडतो. रात्री अंधाऱ्या खोलीत साबणपाण्याच्या पसरट ट्रेवर एक दिवा लावून ठेवला, तर विकतच्या सापळ्यांपेक्षा कितीतरी जास्त किडे पडतात. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी हे 2014 मध्ये घरांत तपासून पाहिले आहे. व्हॅक्यूमने ओढायचे असल्यास नळीच्या तोंडावर जुना पायमोजा आत सोडून रबराने बांधावा, नाहीतर यंत्राला महिनोन्‌महिने वास येतो. घरात कीटकनाशक फवारू नये. भिंतीत मेलेल्या किड्यांवर गालिचे कुरतडणारे दुसरे किडे येतात, शिवाय बाहेरून नवे येतच राहतात.

तुमच्या मुलासाठी एक गोष्ट विशेष सांगायची आहे. किडे कोटाच्या बाह्यांत, टोपीत आणि दप्तराच्या कप्प्यांत जाऊन बसतात. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी माझ्या मुलीच्या कोटातून वर्गात एक किडा पडला, कोणीतरी तो पायाखाली घेतला आणि वास पसरला. तो वास कोथिंबिरीच्या उग्र वासाशी मिळताजुळता असतो, कारण दोहोंत एकाच जातीची रसायने असतात. संध्याकाळी दप्तरातून शिक्षिकेची चिठ्ठी आली की, घरातील स्वच्छतेकडे लक्ष द्यावे. त्या जिल्ह्यातील प्रत्येक घरात ते किडे होते, शाळेच्या खिडक्यांवरही होते, तरीही चिठ्ठी फक्त आमच्या घरी आली. मुलीची जागा बदलून तिला शेवटच्या बाकावर बसवले गेले. मी उत्तर लिहिले नाही. माझे इंग्रजी कमी पडेल असे मी स्वतःला सांगितले, पण खरे कारण असे की मला लाज वाटली, आणि ती लाज मी मुलीवर काढली. तिला मी रोज सकाळी दारात उभी करून कोट तीनदा झटकायला लावत असे, जणू दोष तिचाच होता. ती आता बावीस-तेवीस वर्षांची आहे, दुसऱ्या गावात राहते, आणि कोट घालण्यापूर्वी अजूनही तीनदा झटकते. मी ते पाहते आणि गप्प राहते. तुम्हाला अशी चिठ्ठी आली, तर त्याच रात्री चार ओळी लिहा की हा किडा सगळ्या परिसरात आहे. कोट आणि दप्तर खिडकीपासून दूर, झिप असलेल्या पिशवीत ठेवा, आणि झटकण्याचे काम मुलाकडून करून घेऊ नका, तुम्ही करा.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तो येईल. माझ्या एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, पती आणि मुलगी संध्याकाळी परतत, आणि दुपारभर मी खिडकीपाशी बसून किडे मोजत असे. पहिल्या वर्षी मी आकडे वहीत लिहून ठेवले. एका दिवशी 140 झाले होते. पुढे वाचले की, मेरीलँडमधील एका घरात 2011 च्या पहिल्या सहा महिन्यांत 26,205 किडे मोजले गेले, तेव्हा आपल्यासारखे मोजणारे आणखी कोणी आहे याचाच मला आधार वाटला.

जानेवारीत एखाद्या उबदार दिवशी ते दिव्याभोवती घोंघावू लागतील. ते नवे नसतात, भिंतीत बसलेलेच जागे झालेले असतात. तेव्हा आतून स्विचच्या पट्ट्या, माळ्याचे झाकण आणि भिंतीच्या तळाच्या पट्ट्यांमागील फटी बुजवाव्यात. एप्रिल-मेपर्यंत उरलेले बाहेर पडतात. घर ठरले की त्याची पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची भिंत कोणती, खिडक्या किती आणि माळा आहे का, एवढे मला कळवा. सुरुवात कुठून करायची ते मी लिहून पाठवीन.