क्लबांच्या बीच सॉकर स्पर्धांमध्ये बार्सिलोनासारखी मोठी नावे असूनही विजेत्यांच्या यादीत अनोळखी क्लब का दिसतात?

आपण विचारले आहे की युरोपातील क्लबांच्या बीच सॉकर स्पर्धेला, म्हणजे युरो विनर्स कपला, ‘वाळूवरची चॅम्पियन्स लीग’ म्हणणे कितपत योग्य आहे, आणि बार्सिलोना, फ्लामेंगो असे क्लब बीच सॉकर खेळत असताना क्रिस्टल किंवा आर्टुर म्युझिक यांसारख्या, एरवी फुटबॉलमध्ये कधी ऐकू न येणाऱ्या क्लबांची नावे करंडकावर कशी कोरली जातात. मी या स्पर्धा अनेक वर्षे थेट प्रक्षेपणातून पाहत आलो आहे. सुरुवातीला मीही क्लबाचे बोधचिन्ह पाहूनच अंदाज बांधत असे आणि ते अंदाज बहुतेक वेळा चुकत. का चुकत, हे समजल्यावर हा खेळ मला अधिक आवडू लागला.

चॅम्पियन्स लीगशी केलेली तुलना प्रवेशापुरती बरोबर आहे. युरोपातील राष्ट्रीय लीगचे विजेते या स्पर्धेला येतात आणि युरोपातील सर्वोत्तम क्लब कोणता, याचे उत्तर तिथेच मिळते. यापुढे मात्र साम्य संपते. स्पर्धेचे आयोजन चॅम्पियन्स लीग भरवणारी यूएफा ही युरोपीय फुटबॉल संघटना नव्हे, तर बीच सॉकर वर्ल्डवाइड ही संस्था करते. घरच्या आणि परक्या मैदानावरचे सामने नसतात. सगळे क्लब एकाच किनाऱ्यावर जमतात, गटसाखळी आणि बाद फेरी एका आठवड्याच्या आसपास उरकते, आणि त्या काळात खेळाडूंना जवळजवळ रोज वाळूत उतरावे लागते. पहिली स्पर्धा 2013 मध्ये इटलीतील सान बेनेदेत्तो देल त्रोंतो येथे झाली आणि ती लोकोमोटिव्ह मॉस्कोने जिंकली. महिलांची स्पर्धा 2016 पासून सुरू झाली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. एखाद्या नामांकित क्लबाचा बीच सॉकर संघ हा त्याच्या नेहमीच्या फुटबॉल संघापेक्षा पूर्णपणे वेगळा असतो. रंग आणि बोधचिन्ह तेच असले तरी खेळाडू, प्रशिक्षक आणि बहुधा अंदाजपत्रकही निराळे असते. शिवाय युरोपातील बऱ्याच देशांत बीच सॉकरची लीग उन्हाळ्यातील थोड्या आठवड्यांत, काही टप्प्यांत खेळली जाते. त्यामुळे चांगल्या खेळाडूला एकाच मोसमात दोन-तीन देशांच्या लीगमध्ये, वेगवेगळ्या क्लबांकडून खेळता येते आणि अनेक जण तसे खेळतातही. याचा परिणाम असा होतो की एखादा क्लब एका स्पर्धेपुरते चार-पाच नामवंत ब्राझिलियन, पोर्तुगीज किंवा स्पॅनिश खेळाडू बोलावून कागदावर अतिशय बलाढ्य संघ उभा करू शकतो, पण हे खेळाडू एकमेकांबरोबर पहिला सराव कदाचित स्पर्धेच्या आदल्या दिवशीच करत असतात.

अशा संघाला वाळू फार लवकर उघडे पाडते, आणि त्याचे कारण खेळाच्या तंत्रात आहे. नियमानुसार वाळूचा थर किमान 40 सेंटीमीटर खोल असावा लागतो आणि खेळाडू अनवाणी खेळतात. अशा पृष्ठभागावर चेंडू जमिनीवरून सरळ घरंगळत नाही, तो कुठे अडेल आणि कुठे उसळेल हे सांगता येत नाही. म्हणून चेंडू शक्य तितका हवेत ठेवणे हे बीच सॉकरचे पहिले सूत्र आहे. गोलरक्षक हाताने लांब फेक करतो, पुढे उभा असलेला आक्रमक गोलकडे पाठ करून ती छातीवर घेतो आणि चेंडू खाली पडायच्या आत ओव्हरहेड किक, म्हणजे मागे झेपावत डोक्यावरून फटका, मारतो, किंवा पायाच्या बोटांनी चेंडू किंचित वर उचलून धावत येणाऱ्या सहकाऱ्याला व्हॉलीसाठी, म्हणजे हवेतच फटका मारण्यासाठी, ठेवतो. टीव्हीवर हे वैयक्तिक कौशल्य वाटते. प्रत्यक्षात फेक नेमक्या किती उंचीची हवी, सहकारी कोणत्या क्षणी धाव घेणार आणि उचललेला चेंडू त्याच्या उजव्या पायावर यावा की डाव्या, ही सगळी सवयीची बाब आहे, आणि ती सवय आठवड्याभरात लागत नाही.

मैदान 35 ते 37 मीटर लांब आणि 26 ते 28 मीटर रुंद एवढेच असल्याने जवळपास कुठूनही गोलवर फटका मारता येतो, आणि फ्री किकच्या वेळी बचावाची भिंत उभी करता येत नाही. एका संघाचे पाचच खेळाडू मैदानात असतात, तर बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. बारा मिनिटांचे तीन भाग असतात. एवढ्या वेळातही दोन गोलांची आघाडी सुरक्षित मानता येत नाही, कारण गोलरक्षकसुद्धा थेट फटका मारून गोल करू शकतो. म्हणूनच मी कोणत्याही संघाचे मोजमाप त्याच्या गोलरक्षकापासून सुरू करतो. फुटबॉलमध्ये तो शेवटचा बचावपटू असतो, इथे तो पहिला आक्रमकही असतो.

हे लक्षात घेऊन विजेत्यांची यादी पुन्हा पाहिली की ती अनोळखी वाटत नाही. पहिला विजेता लोकोमोटिव्ह मॉस्को हा अशा काळातला संघ होता, जेव्हा रशियाने 2011 मध्ये इटलीतील रावेना येथे आणि 2013 मध्ये ताहिती येथे असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले होते. रावेनाच्या अंतिम सामन्यात रशियाने ब्राझीलला 12-8 असे हरवले होते. राष्ट्रीय संघात एकत्र खेळणारे अनेक जण क्लबातही एकत्र होते. याच लोकोमोटिव्हने 2012 मध्ये साओ पाउलो येथे क्लबांची जागतिक स्पर्धा, म्हणजे मुंदियालितो दे क्लुबेस, जिंकली होती. आदल्या वर्षी, 2011 मध्ये, तिच्या पहिल्या आवृत्तीचे विजेतेपद वास्को द गामा या ब्राझिलियन क्लबाने मिळवले होते. बार्सिलोनाचे नाव आपल्या वाचनात आले असेल ते बहुधा याच स्पर्धेमुळे, कारण तिच्यात फुटबॉलमधील मोठ्या क्लबांना आवर्जून स्थान दिले जात असे. क्रिस्टल हा सेंट पीटर्सबर्गचा क्लब आहे. 2014 आणि 2015 मध्ये युरो विनर्स कप त्याच्याकडे गेला आणि 2016 मध्ये तो युक्रेनच्या आर्टुर म्युझिकने जिंकला. क्रिस्टलकडे रशियन खेळाडूंचा पाया होता आणि त्याला ब्राझिलियन खेळाडूंची जोड मिळाली होती. बोलावलेले खेळाडू निरुपयोगी असतात असे मला म्हणायचे नाही. ते आधीपासून एकत्र असलेल्या संघात मिसळले तरच उपयोगी पडतात, एवढेच माझे निरीक्षण आहे.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण माझ्या मते पोर्तुगालच्या ब्रागा या क्लबाचे आहे आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षे ब्रागाने युरो विनर्स कप जिंकला आणि तिन्ही वेळा स्पर्धा पोर्तुगालमधील नाझारे येथे झाली. नाझारे जगाला हिवाळ्यातील प्रचंड लाटांसाठी माहीत आहे. ब्रागाच्या संघातील जॉर्डन सांतोस हा मूळचा त्याच गावचा. 2019 मध्ये त्याची जगातील सर्वोत्तम बीच सॉकरपटू म्हणून निवड झाली. त्याच्याबरोबर बे मार्तिन्स आणि लेओ मार्तिन्स हे जुळे भाऊ होते. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅराग्वेमध्ये पोर्तुगालने इटलीला 6-4 असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा हे तिघेही राष्ट्रीय संघात होते. ब्रागाच्या संघात ब्राझिलियन खेळाडूही होतेच, पण सामना अडचणीत आला की चेंडू ज्या वाटेने फिरत असे ती वाट वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्यांची होती. त्या सामन्यांत एकाने चेंडू उचलण्याआधीच दुसऱ्याने धाव घेतलेली दिसते. हे दृश्य मी कितीही वेळा पाहिले तरी मन भरत नाही.

गुणतक्ता पाहताना एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी, कारण नव्या प्रेक्षकांचा गोंधळ इथेच होतो. बीच सॉकरमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही. नियमित वेळेत जिंकल्यास तीन गुण मिळतात, तीन मिनिटांच्या अतिरिक्त वेळेत जिंकल्यास दोन, आणि पेनल्टींवर जिंकल्यास फक्त एक. म्हणजे दोन सामने पेनल्टींवर जिंकलेला संघ दोन गुणांवर राहतो आणि नियमित वेळेत एकच सामना जिंकलेला संघ तीन गुणांसह त्याच्या पुढे जातो. त्यामुळे साखळीतल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात, गुणसंख्या बरोबरीत असताना, आघाडीसाठी गोलरक्षकासह सगळा संघ पुढे सरसावलेला दिसला तर तो उतावीळपणा समजू नये. त्या एका गोलाची किंमत तीन गुणांपर्यंत असू शकते.

पुढच्या स्पर्धेआधी आपल्याला स्वतः अंदाज बांधायचा असेल, तर खेळाडूंच्या याद्या जाहीर झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात, असे मी सुचवेन. यादीतील किती जण त्या क्लबाकडून स्वतःच्या देशातील लीगही खेळले आहेत, हे आधी पाहावे. त्यानंतर गोलरक्षक आणि मुख्य आक्रमक यांनी आधी एकत्र खेळ केला आहे का, हे पाहावे. दोन्ही उत्तरे अनुकूल असतील, तर त्या क्लबाचे नाव आपण यापूर्वी कधी ऐकलेले नसले तरी त्याचे सामने चुकवू नयेत.