क्लास आधी, पदक नंतर : पॅरा खेळांविषयी तुमचे प्रश्न

पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली भारताने २९ पदकं मिळवली : ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य. पुढच्याच वर्षी दिल्लीत जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, तिथे आणखी २२. ही पदकं पाहून अनेक घरांत पहिल्यांदाच ‘आपल्या मुलाला जमेल का’ असा विचार सुरू झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत तोच तोच गोंधळ दिसतो. काही पत्रांवरून स्पष्ट कळतं, की कुणीतरी या घरांना चुकीचं सांगतंय आणि वर त्याचे पैसेही मागतंय. म्हणून ही उत्तरं एकत्र देते आहे. पत्रावरून तपासणी होत नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

पॅरिसला ऑलिम्पिकमध्ये भारताची ६ पदकं आणि पॅरालिम्पिकमध्ये २९. पॅरा खेळांत चुरस कमी असते म्हणूनच ना?

नाही. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ५४९ पदकस्पर्धा होत्या, ऑलिम्पिकमध्ये ३२९. अपंगत्वाच्या स्वरूपानुसार खेळाडूंचे गट, म्हणजेच ‘क्लास’, ठरतात आणि एकाच गोळाफेकीच्या अनेक स्पर्धा होतात, त्यामुळे दोन्हीकडची पदकं शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. चुरस बघायची असेल तर एफ४६, म्हणजे हातात दोष असलेल्यांच्या गटाची गोळाफेक बघा. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकला. तो आशियाई विक्रम होता, तरी सुवर्ण कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टनं १६.३८ मीटरवर नेलं. मधलं अंतर सहा सेंटिमीटर.

पदकं वाढण्याचं कारण वेगळं आहे. रिओला २०१६ मध्ये आपले १९ खेळाडू गेले आणि ४ पदकं आली. टोकियोला ५४ खेळाडू, १९ पदकं. पॅरिसला ८४ खेळाडू, २९ पदकं. टोकियो आणि पॅरिसचे आकडे पुन्हा पाहा : दोन्ही वेळा साधारण तीन खेळाडूंमागे एक पदक. म्हणजे संघ जितका मोठा झाला, तितकी पदकं वाढली. आता संघात पोचायचं कसं, हा प्रश्न उरतो, आणि तिथेच आपली मुलं अडतात. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

माझ्या भाचीला ऐकू येत नाही. ती पॅरालिम्पिकला जाऊ शकेल का?

फक्त बहिरेपणावर नाही. कर्णबधिर खेळाडूंसाठी डेफलिंपिक्स ही स्वतंत्र स्पर्धा आहे. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा अहवाल) घेऊन कर्णबधिरांच्या राज्य क्रीडा संघटनेकडे जा.

एका डोळ्यानं अजिबात दिसत नाही, दुसरा उत्तम आहे. दृष्टिदोषाच्या गटात बसेन का?

नाही. दुसरा डोळा चांगला असेल तर तुम्ही पात्र ठरत नाही. तरीही नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र दोन्ही मोजून घ्या. ‘उत्तम’ हे तुमचं म्हणणं आहे, तपासणी अजून व्हायची आहे.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. उजव्या हातात जन्मापासून दोष, यूडीआयडी (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) कार्डावर ६० टक्के. भाला छान फेकतो. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, ‘साठ टक्के म्हणजे क्लास पक्का. पन्नास हजार द्या, सोपा क्लास मिळवून देतो.’ क्लासिफिकेशन (क्लास ठरवण्याची तपासणी) निवड चाचणीच्या वेळी केलं तर चालेल ना? २०२८ च्या पॅरालिम्पिकला अजून वेळ आहे.

त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. आणि वेळ आहे असं समजू नका.

आधी टक्क्यांबद्दल. यूडीआयडी कार्डावरची टक्केवारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यासाठी आहे. ४० टक्क्यांपासून पुढे आरक्षण आणि सवलती मिळतात. त्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पॅरालिम्पिकमध्ये फक्त दहा : स्नायूंची ताकद कमी असणं, सांधा पूर्ण न हलणं, अवयव नसणं किंवा अपुरा असणं, पायांच्या लांबीतला फरक, कमी उंची, स्नायूंचा ताठरपणा, तोल आणि हालचालींचा मेळ बिघडणं, आपोआप होणाऱ्या हालचाली, दृष्टिदोष आणि बौद्धिक अक्षमता. त्या दहांत बसलं तरी भागत नाही. प्रत्येक खेळाने आपली किमान मर्यादा ठरवलेली असते. त्यामुळे ज्या हातासह मुलगा भालाफेकीत पात्र ठरतो, त्याच हातासह दुसऱ्या खेळात अपात्र ठरू शकतो. ९० टक्क्यांचं कार्ड असूनही बाहेर राहिलेले खेळाडू आहेत, आणि त्या वेळी घरच्यांचा चेहरा बघवत नाही.

क्लास कसा देतात तेही समजून घ्या. तज्ज्ञांचं पॅनल कागद तपासतं, मग खेळाडूला टेबलावर घेऊन स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतं, कोनमापकाने सांधे मोजतं, टेपने हाडांची लांबी मोजतं. त्यानंतर खेळातल्या हालचाली करायला लावतं आणि गरज वाटली तर प्रत्यक्ष स्पर्धेत बघतं. टी म्हणजे धावणं आणि उड्या, एफ म्हणजे फेकीचे प्रकार. ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक अक्षमता, तिशीतले आकडे मेंदूशी संबंधित ताठरपणा आणि समन्वयाचे, ४० आणि ४१ कमी उंचीचे, ४२ ते ४७ हातापायांचे, पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांचे. यात ‘सोपा’ क्लास नावाची गोष्ट नाही. जास्त अपंगत्वाच्या क्लासमध्ये मुद्दाम घुसायचं म्हणजे तपासणीत ताकद चोरायची, आणि ती लपत नाही. टेबलावर कोपर वाकत नाही म्हणणारा मुलगा बाहेर येऊन त्याच हाताने सॅक पाठीवर अडकवतो, तेव्हा पॅनल बघत असतं. मुद्दाम खोटं दाखवणं हा गुन्हा धरला जातो. खेळाडूवर बंदी येते, आणि त्याला शिकवणाऱ्या कोचवरही येते. तुमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. बंदी त्याच्या नावावर लागेल, त्या गृहस्थांच्या नव्हे.

आता उशिराबद्दल. टोकियोमध्ये विनोद कुमार यांनी एफ५२ थाळीफेकीत कांस्य जिंकलं. निकालाला आव्हान दिलं गेलं, पुन्हा तपासणी झाली, आणि पॅनलने सांगितलं की त्यांना कोणताही क्लास देता येत नाही. पदक गेलं. क्लासचा प्रश्न ऐन स्पर्धेत उभा राहिला, आणि पुढे तपासणीत मुद्दाम खोटं दाखवल्याबद्दल त्यांच्यावर दोन वर्षांची बंदीही आली. आंतरराष्ट्रीय क्लासिफिकेशन ठरावीक स्पर्धांतच होतं, आणि तिथल्या जागाही मर्यादित. आधी राष्ट्रीय पातळीवरचा क्लास, मग परदेशात किंवा इथे होणाऱ्या मान्यताप्राप्त स्पर्धेत आंतरराष्ट्रीय क्लास, आणि तोही बऱ्याचदा ‘पुन्हा तपासणी’ अशा शेऱ्यासह. वाढत्या वयात तर हमखास. निवड चाचणीला जाऊन पहिल्यांदा टेबलावर झोपणारा मुलगा चार वर्षं सराव करून चुकीच्या स्पर्धेसाठी तयार झालेला असू शकतो.

शिवाय क्लास बरोबर असला तरी त्या क्लासची स्पर्धा त्या वर्षी असेलच असं नाही. देवेंद्र झाझरिया यांनी २००४ मध्ये अथेन्सला एफ४६ भालाफेकीत सुवर्ण जिंकलं. २००८ आणि २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये ती स्पर्धाच नव्हती. बारा वर्षं थांबून त्यांनी २०१६ मध्ये विश्वविक्रमासह पुन्हा सुवर्ण आणलं. त्यांच्याकडे ती चिकाटी होती. सगळ्यांकडे नसते, आणि सोळाव्या वर्षी ती गृहीत धरू नये. म्हणून भाला हातात देण्याआधी विचारा : या क्लासची कोणती स्पर्धा यादीत आहे?

याच महिन्यात राज्याच्या पॅरा संघटनेकडे नाव नोंदवा आणि पुढचं राष्ट्रीय क्लासिफिकेशन कधी आहे ते लेखी विचारा. जन्मापासूनची कागदपत्रं, एक्स-रे, शस्त्रक्रियांचे अहवाल आणि चालू औषधांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. अहवाल इंग्रजीत आणि ताजे हवेत, निदान स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘हाताला अशक्तपणा’ एवढ्या एका ओळीवर पॅनल काहीही करू शकत नाही. त्याआधी फिजिकल मेडिसिनच्या (पुनर्वसनाच्या) डॉक्टरांना मुलगा एकदा प्रत्यक्ष दाखवा.

नवदीप सिंगला सुवर्ण इराणी खेळाडू बाद झाल्यामुळे फुकटात मिळालं, असं मोबाइलवर फिरतंय. खरं का?

फुकटात काही नाही. एफ४१ भालाफेकीत नवदीपची फेक ४७.३२ मीटर होती, त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम. इराणचा सादेग बेत सयाह गैरवर्तनाच्या नियमाखाली बाद झाला. नियम सगळ्यांना सारखाच होता. फॉरवर्ड आलेलं वाचण्यापेक्षा ती फेक पाहा.

मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. प्रीती पालला बघून धावायचं म्हणते. धावू देऊ का?

तिला हवंय, ही अर्धी लढाई जिंकल्यासारखं आहे. प्रीतीनं पॅरिसला टी३५ गटात १०० मीटर १४.२१ सेकंदांत आणि २०० मीटर ३०.०१ सेकंदांत धावून दोन कांस्यपदकं घेतली. धावण्याच्या शर्यतीत भारताला मिळालेली ती पहिली पॅरालिम्पिक पदकं.

पण सुरुवात मैदानापासून करू नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही. आधी बाल-अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून खुब्याचा एक्स-रे घ्यायचा का ते विचारा. आधार घेऊन चालत असेल तर तीन चाकांच्या चौकटीत धावण्याचा फ्रेम रनिंग हा प्रकार आहे, फेकीचे प्रकारही आहेत. नवव्या वर्षी एकच खेळ पक्का करायची घाई नको. पोहणं, चेंडू, धावणं, सगळं करू दे. ताठरपणा कमी करण्याचं औषध किंवा इंजेक्शन चालू असेल तर त्याच्या तारखा फिजिओथेरपिस्टला कळवा. मात्रा बदलली की चाल बदलते, मग कोच मुलीला रागावतो.

गुडघ्याखाली पाय नाही. दुकानदारानं सुमित अंतिलचा व्हिडिओ दाखवून धावण्याची ब्लेड (पात्यासारखा कृत्रिम पाय) घ्यायला सांगितलं, हप्त्यांवर. घेऊ का?

आत्ता नको. सुमित यांनी पॅरिसला ७०.५९ मीटर भाला फेकला तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर. व्हिडिओ दाखवणाऱ्याला विचारा, सॉकेट (कृत्रिम पायाचा तो भाग, ज्यात तुमचा पाय बसतो) कोण बसवणार आणि तीन महिन्यांनी सैल झालं तर कोण बदलणार. उत्तर ‘बघू’ असेल तर निघा. सगळा खेळ सॉकेटचा आहे. स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाचा, आकार दिवसभरातही कमीजास्त होतो. सॉकेट नीट बसलं नाही तर चार दिवसांत फोड आणि आठवड्यात जखम. मधुमेह असेल तर त्या जखमेवर मी स्वतः तुम्हाला सराव करू देणार नाही. ब्लेडला टाच नसते, त्यामुळे ती रोज वापरायच्या पायाची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे दोन पायांचा खर्च. ब्लेडची कडकपणाची श्रेणी वजनावरून ठरते, दुकानातल्या साठ्यावरून नव्हे. आधी रोजच्या पायावर न लंगडता भरभर चालून दाखवा, मग प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम पाय बसवणारे तज्ज्ञ) आणि फिजिओ दोघांना एकत्र भेटा. आणि तुम्ही फेकीत उतरणार असाल तर धावण्याची ब्लेड लागणारच नाही, हेही शक्य आहे.

पेटकरांनंतर पोहण्यात भारताला पॅरालिम्पिक पदक का नाही?

मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकलं, ते भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पॅरिसला आपली १७ पदकं एकट्या ॲथलेटिक्समधून आली, पोहण्यातून एकही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या सुयश जाधवांसारखे चांगले जलतरणपटू घडले, पण मोजके. कारण तलावाच्या काठावर दिसतं : व्हीलचेअर कठड्यापर्यंत जात नाही, पाण्यात उतरायला उतार नाही आणि कपडे बदलायची खोली जिन्यावर. भाला मैदानात कुठेही फेकता येतो. तुमच्या गावच्या तलावात काय सोय आहे ते पालिकेला लेखी विचारा.

मान मोडल्यापासून व्हीलचेअरवर आहे, क्लब थ्रो (‘क्लब’ हा लाकडी दांडका फेकण्याचा प्रकार) करतो. एक सहकारी म्हणाला, फेकीआधी लघवीची नळी चिमटून ठेव, अंगात ताकद येते. करून बघू का?

अजिबात नाही. हे उत्तर त्या सहकाऱ्यालाही वाचून दाखवा.

मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर भरलेलं मूत्राशय, घट्ट पट्टा, पायाखालची टोचणारी वस्तू यांनी रक्तदाब अचानक भडकतो. मेंदूचा त्यावरचा ताबा तुटलेला असतो, त्यामुळे तो आपोआप खाली येत नाही. ज्याला तुमचा सहकारी ‘ताकद’ म्हणतो, ती मेंदूत रक्तस्राव होण्याआधीची स्थिती आहे. याने माणसं दगावतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने ही गोष्ट बंद केली आहे. स्पर्धेआधी वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून जास्त भरला तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजतात आणि तेव्हाही तितकाच असेल तर मैदानात उतरू देत नाहीत. पॅरिसला एफ५१ क्लब थ्रोमध्ये धरमबीर यांनी ३४.९२ मीटर फेकून सुवर्ण आणि प्रणव सूरमा यांनी रौप्य आणलं. ते अंतर फेकीच्या खुर्चीचे पट्टे, पकड आणि सरावातून येतं.

डोकं ठणकायला लागलं, इजेच्या वरच्या भागाला घाम सुटला, चेहरा लाल झाला, तर सराव तिथेच थांबवा. आडवे होऊ नका, ताठ बसा. पट्टे सैल करा, नळी कुठे मुडपली आहे का बघा, लघवीची पिशवी रिकामी करा. काही मिनिटांत रक्तदाब उतरला नाही तर थेट तातडीच्या विभागात जा आणि तिथल्या डॉक्टरांना ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ हे शब्द सांगा. ते एका कार्डावर लिहून खुर्चीला अडकवून ठेवा. तुमच्या मणक्याच्या डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या, आणि तोवर क्लब हातात धरू नका.