झाड रेडिएशन शोषतं का, आणि पालाश कुठून आला

प्रश्न असा आलाय की 'झाडं रेडिएशन शोषून घेतात' हे बरोबर का, आणि शोषण म्हणायचं की अवशोषण. पहिलं चूकच आहे. इथे नागपुरात नर्सरीत गेलं की निवडुंगाची कुंडी पुढे करतात, "हे रेडिएशन खेचते जी, टीव्हीजवळ ठेवा", ऐकून डोकं फिरतं. रेडिएशन म्हणजे किरण. मुळं घेतात तो किरण टाकणारा धातू, तोही पाण्यात विरघळलेला असला तर. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा जवळचे पाईन लाल पडून मेले, ते किरणांच्या माऱ्याने, काही खेचून घेतलं म्हणून नाही. शोषण म्हणा की अवशोषण, दोन्ही चालतं, अधिशोषण मात्र वेगळं, त्यात पदार्थ वरच चिकटतो. युरेनियमचं बरंचसं तसंच होतं, मुळांनाच धरून बसतं, पानात फार थोडं चढतं.

सीझियम हा दुसरा किरण टाकणारा धातू, तो मात्र थेट पानापर्यंत जातो, कारण तो पोटॅशियमच्याच कुळातला आणि मुळं त्याला पोटॅशियमच्याच वाटेनं आत घेतात. म्हणून जपानात २०११ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर फुकुशिमाच्या भातशेतीत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत टाकलं, पोटॅशियम भरपूर असलं की सीझियम कमी जातं.

आणि या पोटॅशला आपल्याकडे शब्द काय, तर पालाश! काटोलकडच्या कुठल्याही संत्रावाल्याला विचारा, नत्र-स्फुरद-पालाश तोंडपाठ. काही जाणकार सांगतात की पोटॅशच्या उच्चाराला जुळेल असा शब्द बसवला, बाकी त्यात काही नाही. मला हे बिलकुल पटत नाही. पलाश म्हणजे आपला पळस, आणि पलाशाचं ते पालाश, नगरचं नागर होतं तशी पहिल्या अक्षराची वृद्धी, म्हणजे 'अ'चा 'आ', नुसता उच्चारच जुळवायचा होता तर 'पोटाश' केलं असतं, व्याकरण काहून सांभाळलं? सुश्रुतसंहितेत ज्या झाडांची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून क्षार करायला सांगितलाय त्यांच्यात पलाश आहे, आणि लाकडाच्या राखेतून असा निघणारा क्षार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. इंग्रजीतलं पोटॅशही मुळात भांड्यातली (pot) राखच (ash), डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८०७ साली पोटॅशियम धातू वेगळा काढला तेव्हा नाव तिच्यावरूनच ठेवलं. म्हणजे दोन्हीकडे शब्द झाडाच्या राखेतून आलेला! उच्चार जुळतो हे शब्द निवडताना कुणाच्या लक्षात आलं असेल, जरूर आलं असेल, पण पळसाला बाजूला काढून 'पालाश'ची फोड करून दाखवा, मग बोलू.